रँग्लर : एका मानाच्या पदवीची कथा

महाराष्ट्रात एक काळ असा होता की, ज्या घरांत विद्यापीठाचे तोंड कोणी पाहिले नव्हते, त्या घरांतदेखील ‘रँग्लर’ हा इंग्रजी शब्द जाऊन पोहोचला होता. गणितात हुशार असलेल्या मुलाला वडीलधारी माणसे ‘तू रँग्लर होणार’ असे कौतुकाने म्हणत, आणि जो मुलगा त्रैराशिकात अडखळे त्यालाही तेच वाक्य थट्टेने ऐकवीत. या शब्दाचा खरा अर्थ मात्र फार थोड्यांना ठाऊक असे. केंब्रिज विद्यापीठाच्या गणितातील ऑनर्स परीक्षेत जे विद्यार्थी पहिल्या वर्गात उत्तीर्ण होतात त्यांना रँग्लर म्हणतात, आणि त्या सर्वांत जो पहिला येई तो ‘सीनियर रँग्लर’. सन १८९९ मध्ये हा मान रत्नागिरी जिल्ह्यातील मुर्डी गावच्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनी मिळविला, आणि तेव्हापासून हा शब्द मराठी भाषेचाच होऊन बसला.

या जुन्या कथेचे स्मरण आज करण्यास एक निमित्त आहे. सन २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आपल्याकडील महाविद्यालयांतही चार वर्षांची ऑनर्स पदवी आली आहे. तीन वर्षांत साधी पदवी घेऊन बाहेर पडता येते. चौथे वर्ष केले तर ऑनर्स. साहजिकच ज्ञातीतील अनेक मातापित्यांच्या मनात प्रश्न उभा राहतो की, हे चौथे वर्ष कशासाठी? त्याचा खर्च कोणी सोसावा, आणि त्यातून मुलाच्या हाती काय पडणार? या प्रश्नाचे उत्तर केवळ फीच्या आकड्यांत सापडणार नाही. ज्या पदवीचा गौरव जगात सर्वांत अधिक झाला, ती घेणाऱ्यांचे पदवीच्या काळातील व नंतरचे आयुष्य कसे गेले, हे पाहिले तर काही उमज पडेल, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

तिवईवरची परीक्षा

केंब्रिजच्या या परीक्षेचे नाव ‘ट्रायपॉस’. ट्रायपॉस म्हणजे तीन पायांची तिवई. पूर्वीच्या काळी तेथील परीक्षा लेखी नसत. आपल्याकडील शास्त्रीमंडळी जशी सभेत वाक्यार्थ करीत, पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष मांडीत, तसाच तेथेही पदवीच्या उमेदवाराला भर सभेत वाद करावा लागे. वाद घालणारा एक पदवीधर तिवईवर बसे, त्यावरून परीक्षेला हे नाव पडले असे सांगतात. रँग्लर या शब्दाचा मूळ अर्थही ‘वाद घालणारा’ असाच आहे. पेशवाईत श्रावणमासात पुण्यास विद्वानांची परीक्षा होऊन दक्षिणा वाटली जाई, हे आपणांस ठाऊक आहे. दोन्ही देशांत विद्वत्तेची कसोटी आरंभी मुखानेच होत असे, हे साम्य ध्यानात घेण्यासारखे आहे.

अठराव्या शतकात तोंडी वादाची जागा हळूहळू लेखी परीक्षेने घेतली, आणि त्या शतकाच्या मध्यापासून उत्तीर्णांची गुणानुक्रमे यादी प्रसिद्ध होऊ लागली. यादीचे तीन वर्ग असत. पहिल्या वर्गातील ते रँग्लर, दुसऱ्यातील सीनियर ऑप्टिमे व तिसऱ्यातील ज्युनियर ऑप्टिमे. यांच्याखेरीज जे केवळ साधी पदवी घेत, त्यांना ऑनर्सच्या यादीत स्थान नसे. ऑनर्सच्या यादीत जो अगदी शेवटचा असे, त्याला त्याचे सोबती पदवीदानाच्या वेळी वरच्या सज्जातून दोरीने एक भला थोरला लाकडी चमचा सोडून देत. पहिल्याची कीर्ती आणि शेवटच्याची फजिती, दोन्ही चारचौघांत होत असे.

ही परीक्षा किती कठीण असे, याचे दोन दाखले देतो. सन १८५४ च्या परीक्षेत आठ दिवसांत सोळा प्रश्नपत्रिका होत्या. त्यांचा एकूण वेळ साडेचव्वेचाळीस तास आणि एकूण प्रश्न २११. दुसरा दाखला १८६० नंतरच्या दशकातील एका परीक्षेचा आहे. एकूण गुण होते १७,०००. त्यांपैकी पहिल्याला मिळाले ७,६३४, दुसऱ्याला ४,१२३, आणि ऑनर्समधील शेवटच्याला अवघे २३७. म्हणजे सबंध विद्यापीठात जो पहिला आला, त्यालाही निम्मे गुण मिळाले नव्हते! आज नव्वद टक्के मिळूनही घरात सुतक पडल्यासारखे वातावरण होते. अशा आईबापांनी हे आकडे अवश्य लक्षात ठेवावेत. परीक्षा कोणत्या तोडीची आहे हे न पाहता नुसत्या टक्क्यांवरून मुलाची बुद्धी मोजणे व्यर्थ होय.

ऑनर्सचे दिवस

ऑनर्सच्या विद्यार्थ्याचे आयुष्य मोठे शिस्तीचे असे. वर्षाची तीन सत्रे, सुमारे आठ आठ आठवड्यांची. अशी नऊ सत्रे विद्यापीठात राहणे आवश्यक होते. कॉलेजात राहावयाचे, अंगावर झगा घालून सर्वांसमवेत जेवणाच्या दालनात जेवावयाचे आणि रात्री ठरलेल्या वेळेच्या आत फाटकाच्या आत असावयाचे. सकाळ अभ्यासात गेली तरी दुपारी पायी लांबवर फिरावयास जाणे किंवा नदीवर नौका वल्हविणे हे जणू व्रतच होते. शरीर खचले तर आठ दिवसांची परीक्षा झेपणार नाही, हे तेथील हुशार विद्यार्थी जाणून होते. रात्ररात्र जागून प्रकृतीचा सत्यानाश करणाऱ्या आपल्या मुलांनी हा गुण उचलण्यासारखा आहे.

दुसरी गोष्ट खाजगी शिकवणीची. क्लासचे वेड आपल्याच काळातले, असा पुष्कळांचा समज आहे. परंतु केंब्रिजात दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीही पहिला क्रमांक मिळवावयाचा तर खाजगी शिक्षकाकडे जाणे जवळजवळ सक्तीचे झाले होते. विल्यम हॉपकिन्स या शिक्षकाला ‘सीनियर रँग्लर घडविणारा’ असेच नाव पडले होते. त्याच्यामागून एडवर्ड राउथ हा शिक्षक झाला. तो स्वतः १८५४ चा सीनियर रँग्लर. त्याच्या हाताखालून पंचवीसहून अधिक सीनियर रँग्लर बाहेर पडले. त्याच्याकडे विद्यार्थ्यांचे छोटे छोटे वर्ग असत, पाठोपाठ उजळणी आणि घड्याळ लावून सराव असे.

या पद्धतीने परीक्षा जिंकता येई, पण विद्येची वाढ होईच असे नव्हते. विद्यार्थी नव्या विचाराच्या मागे न लागता प्रश्न झटपट सोडविण्याच्या क्लृप्त्या घोकीत. जी. एच. हार्डी हा गणिती सन १८९८ च्या यादीत चौथा होता. पुढे त्यानेच या शर्यतीविरुद्ध आवाज उठविला, आणि इंग्लंडचे गणित या परीक्षेमुळे युरोपच्या मागे पडले, असे निर्भीडपणे सांगितले. बर्ट्रांड रसेल हा तत्त्वज्ञ १८९३ चा सातवा रँग्लर. परीक्षा होताच त्याने आपली गणिताची सारी पुस्तके विकून टाकली व पुन्हा गणिताकडे पाहावयाचे नाही असा निश्चय केला. सुदैवाने तो निश्चय टिकला नाही, म्हणून गणिताच्या पायाविषयीचे त्याचे मोठे कार्य जगाला लाभले. ज्या शिक्षणाने विषयाचीच शिसारी यावी, ते कितीही मानाचे असले तरी त्यात काही वैगुण्य आहे, हे शिक्षकाच्या पेशात आयुष्य घालविलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

मुर्डीचा विद्यार्थी

आता आपल्या मातीतल्या रँग्लरकडे वळू. रघुनाथराव परांजपे यांचा जन्म १६ फेब्रुवारी १८७६ रोजी दापोली तालुक्यातील मुर्डी येथे झाला. घरची स्थिती बेताची. त्यांच्या भाग्याने त्यांना एक वडील बंधू लाभले. ते सख्खे नव्हेत, नात्यातले. पण सख्ख्याहून अधिक. ते म्हणजे धोंडो केशव कर्वे. पुढे ज्यांना सारा देश महर्षी म्हणून ओळखू लागला, तेच हे.

कर्व्यांची स्वतःची कथाही या ठिकाणी सांगितली पाहिजे. लहानपणी एका परीक्षेसाठी ते कोकणातील मुरूडहून साताऱ्यापर्यंत शंभराहून अधिक मैल पायी चालत गेले. वाटेत घाट, पाऊस, अनोळखी मुलूख. आणि तेथे गेल्यावर, मुलगा वयाने लहान दिसतो, एवढ्याच सबबीवर त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. अशा रीतीने परीक्षेच्या दारातून परत फिरविला गेलेला हा मुलगा पुढे कष्टाने १८८४ मध्ये पदवीधर झाला, गणिताचा शिक्षक झाला, आणि नात्यातल्या धाकट्या भावाला मुंबईस आपल्या बिऱ्हाडी शिकावयास ठेवून घेता झाला. सन १८९१ मध्ये कर्वे पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे अध्यापक झाले, आणि रघुनाथरावांचेही महाविद्यालयीन शिक्षण तेथेच झाले. मुंबई विद्यापीठाच्या परीक्षांत त्यांनी आपली बुद्धिमत्ता दाखविली, आणि १८९६ मध्ये हिंदुस्थान सरकारची शिष्यवृत्ती मिळवून ते केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाले.

त्या काळी समुद्र ओलांडणे ही साधी गोष्ट नव्हती. परदेशगमनाबद्दल प्रायश्चित्ताचे वाद आपल्याकडे जोरात होते. शिवाय काळही कठीण होता. त्याच वर्षी मुंबईत प्लेगने थैमान मांडले, पाठोपाठ तो पुण्यात शिरला, आणि दुष्काळही पडला. सन १८९७ च्या जून महिन्यात पुण्यात रँडसाहेबाचा वध झाला आणि सारा प्रांत हादरून गेला. इकडे घरदार अशा आपत्तीत असताना तिकडे सहस्रावधी मैलांवर एका परक्या गावी बसून भूमितीचे व गतिशास्त्राचे प्रश्न सोडवीत राहणे, पत्राच्या उत्तरासाठी आठवडेच्या आठवडे वाट पाहणे, यास मनाचा किती निग्रह लागत असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

सन १८९९ च्या यादीत परांजपे पहिले आले. त्यांच्या बरोबरीने पेंब्रोक कॉलेजचा जॉर्ज बर्टविसल या इंग्रज विद्यार्थ्यालाही पहिलाच क्रमांक मिळाला. दोघांची नावे यादीत एकत्र घातली गेली. हिंदी मनुष्य सीनियर रँग्लर होण्याचा हा पहिलाच प्रसंग. त्यापूर्वी बंगालचे आनंदमोहन बोस हे १८७४ मध्ये पहिले हिंदी रँग्लर झाले होते. त्यांनीही पुढील आयुष्य शिक्षणात आणि देशकार्यात वेचले, व १८९८ च्या मद्रास येथील काँग्रेसचे ते अध्यक्ष होते. परांजपे यांच्या यशाचा हिंदुस्थानात जो आनंद झाला, त्यात केवळ एका विद्यार्थ्याचे कौतुक नव्हते. हिंदी माणसाची बुद्धी उसनी आहे, तो पाठांतर करील पण गणितासारख्या विषयात साहेबाची बरोबरी करणार नाही, असे म्हणणाऱ्यांना मिळालेले ते उत्तर होते.

रघुनाथराव परांजपे आपल्या ज्ञातीचे नव्हते, हे येथे मुद्दाम सांगतो. ज्ञातीच्या स्मरणिकेत ज्ञातीबाहेरच्या पुरुषाचे चरित्र कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु थोर पुरुषांना ज्ञातीचे कुंपण नसते, आणि चांगले उदाहरण कोठूनही घ्यावे. आपल्या ज्ञातीत त्या काळी विद्यापीठापर्यंत जाणारे विरळा होते. याचे कारण बुद्धीचा अभाव हे नसून, धाकट्या भावाला बिऱ्हाडी ठेवून शिकविणारे कर्वे आपल्याकडे थोडे होते, हे आहे.

पहिले, दुसरे आणि बारावे

यादीत पहिला आलेला आयुष्यातही पहिलाच राहतो काय? इतिहास पाहू.

सन १८४५ मध्ये विल्यम थॉमसन हा विद्यार्थी पहिला येणार, याविषयी कोणालाच शंका नव्हती, त्याला स्वतःलाही नव्हती. त्याने नोकराला पाठवून ‘दुसरा कोण आला ते पाहून ये’ असे सांगितले, आणि नोकराने परत येऊन ‘आपणच, महाराज’ असे उत्तर दिले, अशी आख्यायिका आहे. हाच थॉमसन पुढे लॉर्ड केल्व्हिन झाला. उष्णतेच्या शास्त्रात निरपेक्ष तापमानाची पट्टी त्याच्या नावाने चालते, आणि अटलांटिक महासागराच्या तळातून तारेची दोरी टाकण्याच्या कामी त्याने मोठी कामगिरी केली. त्या वर्षी पहिला आलेल्या स्टीफन पार्किन्सनचे नाव आज किती जणांना ठाऊक आहे?

सन १८५४ मध्ये राउथ पहिला, आणि दुसरा जेम्स क्लार्क मॅक्सवेल. वीज, चुंबकत्व आणि प्रकाश यांचे नाते गणिताच्या सूत्रांत बांधणारा मॅक्सवेल तो हाच. आज घरोघरी जो रेडिओ, दूरदर्शन व मोबाइल चालतो, त्याच्या मुळाशी त्याचीच सूत्रे आहेत. सन १८८० मध्ये जे. जे. थॉमसन दुसरा आला. त्यानेच १८९७ मध्ये केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉनचा शोध लावला. परांजपे तेव्हा त्याच गावी अभ्यास करीत होते. प्रसिद्ध अर्थशास्त्रज्ञ केन्स १९०५ च्या यादीत बारावा होता.

यावरून पहिल्या क्रमांकाला काही किंमत नाही असे मात्र समजू नये. राउथसारखा शिक्षक पहिला येऊनच पिढ्या घडवून गेला. परांजपे यांच्या बरोबरीने पहिला आलेला बर्टविसल केंब्रिजातच राहिला, आणि अणूच्या नव्या क्वांटम सिद्धांतावर १९२६ व १९२८ मध्ये त्याने दोन ग्रंथ लिहिले. सांगावयाचे इतकेच की, परीक्षेची यादी एका दिवशी पुरी होते, पण माणसाचे मोल पुढील तीस-चाळीस वर्षांत ठरते. हे सत्य अखेर केंब्रिजलाही पटले, आणि सन १९०९ ची यादी ही क्रमांकवार वाचली गेलेली शेवटची यादी ठरली. रँग्लर हा किताब आजही आहे. पण पहिला कोण, दुसरा कोण, हे विद्यापीठ आता यादीत सांगत नाही. लाकडी चमचाही त्याच वर्षी इतिहासजमा झाला.

याच संदर्भात श्रीनिवास रामानुजन यांचेही स्मरण होते. महाविद्यालयाच्या परीक्षेत ते इतर विषयांमुळे अनुत्तीर्ण झाले होते. सन १९१४ मध्ये हार्डीने त्यांना केंब्रिजला बोलाविले, पण ट्रायपॉसच्या चरकात घातले नाही. सन १९१६ मध्ये त्यांना संशोधनावर पदवी मिळाली. यादीत ज्यांचे नाव कधीच आले नाही, असाही एक महान गणिती त्याच विद्यापीठाच्या इतिहासात अमर झाला.

यादीबाहेरची पहिली

भगिनीवर्गासाठी आणि मुलींच्या पालकांसाठी आणखी एक हकीकत सांगणे अगत्याचे वाटते.

हेन्री फॉसेट हे नाव जुन्या वाचकांच्या परिचयाचे असेल. हे गृहस्थ १८५६ चे सातवे रँग्लर. पुढे अपघाताने दोन्ही डोळे गेले, तरी ते पार्लमेंटचे सभासद झाले आणि हिंदुस्थानच्या गाऱ्हाण्यांना तेथे इतक्या कळकळीने वाचा फोडू लागले की, लोक त्यांना ‘हिंदुस्थानचे सभासद’ म्हणत. त्यांच्या पत्नी मिलिसेंट फॉसेट स्त्रियांच्या मताधिकाराच्या थोर पुरस्कर्त्या. या दांपत्याची कन्या फिलिपा हिने न्यूनहॅम कॉलेजातून १८९० मध्ये ट्रायपॉसची परीक्षा दिली. स्त्रियांना त्या परीक्षेस बसता येई, परंतु पदवी मिळत नसे, आणि त्यांची नावे पुरुषांच्या यादीत घातली जात नसत. अमुक क्रमांकाच्या वर किंवा खाली, एवढेच वेगळे वाचले जाई. त्या वर्षी फिलिपाचे स्थान वाचले गेले, ‘सीनियर रँग्लरच्या वर’. तिचे गुण पुरुषांतील पहिल्यापेक्षा सुमारे तेरा टक्क्यांनी अधिक होते.

पदवी नाही, किताब नाही. पण फिलिपाबाई खंत करीत बसल्या नाहीत. प्रथम कॉलेजात अध्यापन, मग दक्षिण आफ्रिकेत प्राथमिक शाळांची व्यवस्था लावण्याचे काम, आणि १९०५ पासून लंडन शहराच्या शिक्षणखात्यात जवळजवळ तीस वर्षे सेवा. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी देण्यास आरंभ केला तो सन १९४८ मध्ये, आणि त्याच वर्षीच्या जून महिन्यात फिलिपाबाईंचे निधन झाले. सीनियर रँग्लरच्या वर गेलेल्या या स्त्रीला पदवीची वाट पाहण्यात अठ्ठावन्न वर्षे लोटली. आपल्या मुलींना आज कायद्याने कोणी अडवीत नाही. अडविलेच तर घरातले अडवितात. ‘तीन वर्षे झाली, आता चौथे कशाला, स्थळ पाहू’ असे म्हणणाऱ्या पालकांनी या हकीकतीचा शांतपणे विचार करावा.

परत आल्यावर

सीनियर रँग्लर झालेल्या परांजपे यांना सेंट जॉन्स कॉलेजने १९०१ मध्ये फेलो म्हणून निवडले. इतक्या मोठ्या पदवीच्या बळावर सरकारी शिक्षणखात्यात मोठ्या वेतनाची जागा मिळणे अवघड नव्हते. त्यांनी मात्र पुण्यास येऊन डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासदत्व पत्करले. ही संस्था १८८४ मध्ये स्थापन झालेली, आणि तिचे फर्ग्युसन कॉलेज १८८५ मधील. आजीव सभासदाने वीस वर्षे अल्प वेतनावर सेवा करावयाची, असा तेथील दंडक. गोखले आणि कर्वे यांनी तेथे पंचाहत्तर रुपयांवर कामास आरंभ केला होता. त्याच संस्थेत हे रँग्लर येऊन बसले, आणि १९०२ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, कॉलेजचे प्राचार्य झाले. ही धुरा त्यांनी सुमारे दोन तपे वाहिली.

गणितातील मोठे संशोधक म्हणून त्यांचे नाव घेतले जात नाही, ही गोष्ट खरी आहे, आणि तशी टीका त्यांच्यावर झालीही. केंब्रिजात राहून संशोधन केले असते तर काय झाले असते, हा प्रश्न कोणी विचारला तर त्याला उत्तर नाही. पण खेड्यापाड्यांतून आलेल्या हजारो मुलांना एका रँग्लरसमोर बसून शिकता आले. ‘हा माणूस आपल्यासारखाच कोकणातून आला आणि पहिला आला’ हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. त्याचा हिशेब कोणत्या संशोधनपत्रिकेत मांडावयाचा?

पुढील कामांची यादीही मोठी आहे. सन १९२१ ते १९२३ या काळात ते मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री होते, आणि १९२३ चा प्राथमिक शिक्षणाचा कायदा त्यांच्याच कारकीर्दीत झाला. कर्व्यांच्या स्त्रीशिक्षणाच्या कार्याला त्यांनी हातभार लावला, आणि ज्या बंधूंनी शिकविले त्यांचे चरित्रही लिहिले. लंडनमधील भारतमंत्र्यांच्या कौन्सिलात ते होते. सन १९३२ ते १९३८ लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू, १९४४ ते १९४७ ऑस्ट्रेलियात हिंदुस्थानचे हाय कमिशनर, आणि ऐंशी वर्षांचे झाले असताना १९५६ मध्ये पुणे विद्यापीठाचे कुलगुरू. विचारांनी ते कडवे बुद्धिवादी होते. त्यांची मते सर्वांना रुचत असत असे नाही, पण ती त्यांनी कधी लपविली नाहीत. दिनांक ६ मे १९६६ रोजी, नव्वदी ओलांडून, ते निवर्तले. तेवीस वर्षांचे असताना मिळालेला मान, आणि त्यानंतर सहासष्ट वर्षांचे आयुष्य!

त्यांनी घालून दिलेली वाट ओस पडली नाही. रँग्लर ग. स. महाजनी यांनीही फर्ग्युसनचे प्राचार्यपद भूषविले. विष्णु वासुदेव नारळीकर हे केंब्रिजचे रँग्लर परत येऊन काशीच्या हिंदु विश्वविद्यालयात शिकवू लागले. त्यांचे चिरंजीव जयंत नारळीकर, जन्म कोल्हापूरचा, सन १९३८; तेही केंब्रिजला रँग्लर झाले, फ्रेड हॉईल यांच्यासारख्या शास्त्रज्ञाबरोबर संशोधन केले, आणि १९७२ मध्ये स्वदेशी परतले. पुण्याची ‘आयुका’ ही संस्था त्यांनी १९८८ मध्ये उभारली, आणि मराठीत विज्ञानकथा लिहून शाळेतल्या मुलांना आकाशाची गोडी लावली. सन २०२५ च्या मे महिन्यात ते गेले, तेव्हा गणिताचे एक अक्षर न कळणारी माणसेही हळहळली.

आपल्यापुरता बोध

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. चौथे वर्ष करावे की नाही? माझे मत असे की, मुलाला किंवा मुलीला विषयाची खरी आवड असेल, आपल्या बुद्धीने काही शोधून पाहण्याची इच्छा असेल, तर कुटुंबाने व मंडळाने मिळून ते वर्ष अवश्य करवावे. केवळ नावापुढे ऑनर्स लागावे, लग्नपत्रिकेत शोभावे, एवढ्यासाठी ते करू नये. आणि ज्याची इच्छा तीन वर्षांत पदवी घेऊन कामधंद्याला लागण्याची आहे, त्याला कमी लेखू नये. लाकडी चमच्याची प्रथा साहेबाने शंभर वर्षांपूर्वी टाकून दिली. आपण ती आपल्या घरांत चालू ठेवू नये.

दुसरी गोष्ट मंडळाच्या कार्यकारिणीपुढे विचारार्थ ठेवितो. गुणवंतांचा सत्कार आपण दरवर्षी करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु नारळ, शाल आणि छायाचित्र झाल्यावर त्या मुलांचे पुढे काय झाले, याची नोंद आपल्याकडे नसते. ती ठेवावी. दहा वर्षांपूर्वी ज्यांचा सत्कार झाला ते आज काय करतात, कोणाचे शिक्षण पैशाअभावी थांबले, कोणी धाकट्या भावंडाला शिकविले, हे स्मरणिकेत छापावे. ज्यांनी मंडळाची शिष्यवृत्ती घेतली, त्यांना परतफेडीचा तगादा लावू नये. पण प्रत्येकाने कमावता झाल्यावर ज्ञातीतील निदान एका विद्यार्थ्याचा भार उचलावा, एवढे वचन जरूर घ्यावे. जे परदेशी स्थायिक झाले आहेत त्यांच्याविषयी कटू बोलण्याचे कारण नाही. तेथूनही एका मुलाची फी भरता येते, आणि रविवारी तासभर गणितही शिकविता येते.

कर्व्यांनी एका मुलाला बिऱ्हाडी ठेवून घेतले, त्यातून एक रँग्लर झाला. आणि त्या रँग्लरने हजारोंना शिकविले. आपल्या प्रत्येक गावात, प्रत्येक शाखेत असे एखादे बिऱ्हाड असावे, आणि त्याचे दार मुलग्यांइतकेच मुलींनाही उघडे असावे. तसे झाले तर आपल्या ज्ञातीत गुणवंतांची वाण कधी पडणार नाही. सर्व विद्यार्थी-विद्यार्थिनींना उत्तम आरोग्य आणि विद्येची गोडी लाभो, हीच ईशचरणी प्रार्थना.